लाभार्थी नावाचं पात्र

संपादकांचा निरोप आला. पुढचा अंक 'सरकार आणि विकास' या विषयावर काढायचा आहे, तुम्ही जव्हार-मोखाड्याच्या बाजूला उमेदीची वर्षं काढली, तुम्ही लिहा. मी कळवलं, मी अर्थशास्त्राचा माणूस नाही. समाजाच्या आर्थिक विकासात सरकारनं किती हात घालावा आणि किती काढून घ्यावा हे ठरवणारे विद्वान वेगळे. त्यांना चर्चासत्रं आहेत, खुर्च्या आहेत, चहापाणी आहे. मला येतं ते एवढंच, की समोर आलेला मजकूर वाचायचा आणि तो कुणाच्या बाजूनं लिहिलाय ते शोधायचं. दलित साहित्याच्या समीक्षेनं आपल्याला हे शिकवलं. कादंबरी वाचताना आपण विचारतो, यात आमचा माणूस आहे का? असला तर तो बोलतो का, की नुसता कोपऱ्यात उभा राहून मालकाच्या दयेची वाट बघतो?

हाच प्रश्न सरकारी कागदाला विचारायचं मी ठरवलं. सरकारी कागद हेही साहित्यच. भरपूर छापलं जाणारं आणि जवळजवळ कुणीच न वाचणारं. त्याचे लेखक पगारी आहेत आणि त्याला समीक्षक नाही. असायला पाहिजे. कवितेनं कुणाची चूल पेटत नाही की विझत नाही. या साहित्यानं पेटते आणि विझते.

आधी माझं सांगतो, म्हंजे पुढं कुणी म्हणायला नको की हा वरनं बोलतोय. मी नाशिककडच्या बौद्धवाड्यातला. ऐंशीच्या दशकात रोजगार हमीच्या कामांवर हजेरी सहाय्यक होतो. मस्टर लिहिणारा. म्हंजे मीही सरकारी साहित्याचा लेखकच, सगळ्यात खालच्या पायरीवरचा. आणि हेही कबूल करतो, की माझी शिष्यवृत्ती सरकारची, वसतिगृह सरकारचं, नोकरी राखीव जागेवरची. माझ्या बापाला गावानं काही दिलं नाही, बाजारानं काही दिलं नाही. जे मिळालं ते बाबासाहेबांनी राज्यघटनेत लिहून घेतलं म्हणून मिळालं. म्हणून सरकारवर बोलताना माझी जीभ जड होते. पण जड होते म्हणून गप्प बसलो तर लिहायला शिकलोच कशाला?

१

जव्हार-मोखाड्याविषयीचा कुठलाही सरकारी अहवाल उघडा. एक पात्र सारखं भेटतं. त्याचं नाव लाभार्थी. वारली असो, कोकणा असो, कातकरी असो, ठाकूर असो की महादेव कोळी, अहवालात शिरला की त्याचा पाडा, त्याचं वय, त्याचा राग सगळं गळून पडतं आणि तो लाभार्थी होतो. या पात्राचा स्वभाव काय? तो काही करत नाही. त्याच्यावर केलं जातं. त्याला लाभ देण्यात येतो. त्याचं सर्वेक्षण करण्यात येतं. त्याचं प्रबोधन करण्यात येतं. वाक्यात क्रियापद आहे, कर्म आहे, कर्ता गायब. लाभ दिला कुणी? 'देण्यात आला.' उशिरा का दिला? 'विलंब झाला.' शाळेत मास्तरांनी कर्तरी-कर्मणी शिकवलं तेव्हा वाटलं होतं, हे मार्कांपुरतं. कचेरीत गेल्यावर कळलं, कर्मणी प्रयोगावर राज्य चालतं.

आणि शब्द तरी कसला निवडला? लाभ! दुकानदार दिवाळीला चोपडीवर शुभ-लाभ लिहितो तो लाभ. नशिबानं पदरात पडतं ते. हक्काला कुणी लाभ म्हणत नाही. मुंबईत सकाळी नळाला पाणी येतं, त्या मुंबईकराला कुणी 'जल लाभार्थी' म्हणतं का? कारकुनाचा पगार महिन्याला होतो, त्याला 'वेतन लाभार्थी' म्हणतं का? मग मोखाड्यातल्या बाईनं दगड फोडून मिळवलेल्या मजुरीला लाभ म्हणायचा अधिकार कुणी दिला?

हे पात्र जिवंत असेपर्यंत आकडा असतं. मेल्यावरच त्याच्यासमोर रकाने उघडतात. कमी वजन. न्यूमोनिया. अतिसार. अल्पवयीन माता. अंधश्रद्धा. सगळे रकाने वाचून बघा, भूक नावाचा रकाना सापडत नाही. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभराहून जास्त लेकरं गेली. सारा महाराष्ट्र हादरला. मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आत हे घडलं म्हणून हादरला. लांब गडचिरोलीत घडलं असतं तर किती हादरला असता, देव जाणे. तेव्हाही कारणं शोधताना बोट फिरून फिरून आईकडं गेलं. ती अडाणी. ती भगताकडं जाते. ती पोराला वेळेवर पाजत नाही. पण ती पावसाळ्याच्या तोंडी काय खाते, हे विचारणारा अहवाल कुठं? जिच्या पोटातच काही नाही, तिच्या अंगावर दूध कुठनं येईल?

२

इथं आपले काही मित्र लगेच म्हणतील, म्हंजे तिथं सरकार पोचलंच नाही. हे आपल्या सभांमधलं आवडतं वाक्य आहे. पण ते खरं नाही आणि खोट्या वाक्यावर विद्रोह उभा राहत नाही.

सरकार तिथं कधीपासून आहे. जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान होतं, राजा स्वतः महादेव कोळी. ते १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झालं. मोखाडा त्याआधीपासून इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात, आणि १९३५ च्या कायद्यानं 'अंशतः वगळलेला' मुलूख म्हणून खास नोंदलेला. एकोणीसशे तीसच्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं आदिवासी आणि डोंगरी जमातींवर अहवाल लिहिला. वेठ, सावकारी, लग्नाच्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनी मालकाच्या दारात राबणं, ज्याला तिकडं लग्नगडी म्हणायचे, हे सगळं सरकारला माहीत होतं. कागदावर होतं. कागद कपाटात होता.

वेठ कागदानं मोडली नाही. २३ मे १९४५ ला उंबरगाव तालुक्यातल्या झरीला वारल्यांची परिषद भरली, किसान सभेचा लाल बावटा आला, शामराव आणि गोदावरी परुळेकर आले, आणि वारली म्हणाला, आजपासून वेठ नाही. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. गोळी सरकारची होती. म्हंजे बघा, ज्या सरकारच्या अहवालात वारल्याबद्दल कळवळा होता, त्याच सरकारच्या बंदुकीत वारल्यासाठी गोळी होती. तो हात जोडून उभा होता तोवर कळवळा. त्यानं मजुरीचा दर सांगितला, की गोळी.

स्वातंत्र्यानंतर सरकार आणखी आलं. १९७५-७६ पासून आदिवासी उपयोजना आली. सावकाराला हटवायचं म्हणून १९७६ चा एकाधिकार खरेदीचा कायदा आला. जव्हारला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरी आली. वावर-वांगणीनंतर अपर जिल्हाधिकारी आले. सुकथनकर समितीनंतर आदिवासींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा बाजूला काढायचं ठरलं. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून फुटून पालघर जिल्हा झाला. जव्हारकर म्हणत होते मुख्यालय आमच्याकडं द्या. ते गेलं पालघरला, रेल्वेच्या कडेला. २०१५ साली अमृत आहार योजना आली, गरोदर बाईला एक वेळचं पोटभर जेवण. आणि २०१६ साली पालघर जिल्ह्यातले सहाशेच्या आसपास बालमृत्यू पुन्हा वर्तमानपत्रांत आले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला राज्य सरकारला नोटीस काढावी लागली. तोच मुलूख. तीच बातमी. मधे गेली चोवीस वर्षं.

सरकार तिथं पोचलं नाही म्हणून हे झालं नाही. सरकार कशासाठी पोचलं आणि कुणाच्या सांगण्यावरनं पोचलं, प्रश्न तिथं आहे.

३

कुणी म्हणेल, सरकारला जमतच नाही हो. सरकारी काम आणि सहा महिने थांब. त्यांनी मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याला जाऊन यावं. तिथं वैतरणेवर मध्य वैतरणा धरण उभं आहे. शंभर मीटरहून उंच. मुंबई महापालिकेनं बांधलं, केंद्राच्याही निधीतून, आणि ठरल्याप्रमाणे मुंबईला रोज साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी जायला लागलं. डोंगर फोडला, बोगदे काढले, नळ टाकले. कुठं 'मजूर उपलब्ध नाहीत' झालं नाही. कुठं 'दुर्गम भाग' आडवा आला नाही. त्याच डोंगरात आमच्या बाईला दवाखान्यात न्यायला झोळी लागते. धरणाचं यंत्र न्यायला रस्ता होतो.

आणि हे काही आजचं नाही. १८९२ ला तानसा, १९५७ ला मोडकसागर, १९७३ ला अप्पर वैतरणा, मग भातसा, मग मध्य वैतरणा. शंभर-सव्वाशे वर्षं मुंबईची तहान शहापूर, वाडा, मोखाडा, इगतपुरीच्या डोंगरातून भागतेय. जव्हार-मोखाड्यात पाऊस पडतो अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. एवढा पाऊस मराठवाड्याच्या शेतकऱ्याला स्वप्नात दिसत नाही. आणि त्याच मोखाड्यात उन्हाळा लागला की पाड्यावर टँकर. विहिरीच्या तळाला बायका वाटीनं पाणी भरतात. उतारावरचं पाणी थांबवायला लहान बंधारे लागतात, पाड्यागणिक तळी लागतात. ते काम स्वस्त आहे, पण ते मागणाऱ्याचा आवाज मंत्रालयापर्यंत जात नाही. आता दमणगंगा-पिंजाळ जोडणीची आखणी आहे, भूगड आणि खारगीहिलला धरणं बांधून पाणी पिंजाळमार्गे पुन्हा मुंबईकडं. आराखड्यात बुडणाऱ्या जमिनीचा आकडा असतो. जमीन कुणाची, तिच्यावर नागली कोण पेरतं, हे त्या आकड्यात दिसत नाही.

यावरनं मी एवढंच शिकलो. सरकारला सगळं जमतं. सरकार ज्याला भितं त्याच्यासाठी ते काम करतं, आणि ज्याची कीव करतं त्याला योजना देतं. मुंबईचा नळ तीन दिवस बंद राहिला तर सरकार पडेल. मोखाड्याची विहीर तीन महिने कोरडी राहिली तर टँकरचं टेंडर निघेल.

४

आता माझ्या स्वतःच्या गुन्ह्याकडं येतो.

जव्हार-मोखाड्यात एक शब्द आहे, 'जगायला जाणं'. दिवाळी झाली, भात-नागली-वरई खळ्यावरनं घरात आली, की माणसं बिऱ्हाड बांधतात आणि भिवंडी, वसई, कल्याणकडं वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर जातात. कुठं चाललात विचारलं तर कामाला म्हणत नाहीत. म्हणतात, जगायला. मराठी भाषेत स्थलांतरावर पुष्कळ लिहिलं गेलं असेल, पण एवढी मोठी टीका एका शब्दात कुणी केली नाही. जगायला जातो, म्हंजे इथं राहिलो तर मरतो. सरकारी कागदात याला 'हंगामी स्थलांतर' म्हणतात. जणू बगळे.

हे थांबवायला महाराष्ट्रानं एक मोठी गोष्ट केली होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतनं १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा तीच कल्पना राज्यभर कामाला आली. मे १९७३ मध्ये ५० लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. अमर्त्य सेन आणि जाँ द्रेझ यांनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात त्याची दखल घेतली. १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातनं व्यवसाय कर कापायचा, तेवढीच भर राज्यानं घालायची, आणि खेड्यातल्या मागेल त्याला काम द्यायचं. पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर भत्ता. दिवसांची मर्यादा नाही. पुढं २००५ साली दिल्लीनं कायदा केला, तो याच्या पाठीवर पाय देऊन. त्यात मात्र घरटी १०० दिवस.

'मागेल त्याला.' या दोन शब्दांत सगळा कायदा आहे. यात लाभार्थी नाही. यात मागणारा आहे, आणि मागितलं की सरकार बांधलं जातं.

आणि आम्ही काय केलं? कचेरीचं नाव सांगत नाही, कारण ती काही एकटी नव्हती. भाद्रपद होता. घरातलं धान्य संपलेलं, नवं यायला अवकाश, कडू कंद उकडून खायचे दिवस. पंधरा-वीस माणसं काम मागायला आली. साहेब मला आत बोलावून म्हणाले, 'अर्ज घेऊ नकोस. घेतला की तारीख पडते, तारीख पडली की पंधरा दिवस मोजले जातात.' मी बाहेर येऊन सांगितलं, साहेब नाहीत, पुढच्या हप्त्यात या. माणसं गेली. त्याच हप्त्यात भट्टीचा मुकादम पाड्यावर आला आणि जोडप्यामागं उचल देऊन गेला. उचल घेतली की माणूस बांधला. दिवाळीनंतर घरांना कुलपं लागली. पौषात आमचं काम मंजूर होऊन आलं, मजगीचं. भातखाचरं करायची, बांध घालायचे. चांगलं काम होतं. पाड्यावर चार म्हातारी माणसं आणि दोन कुत्री. मी अहवाल लिहिला, 'मजूर उपलब्ध नसल्याने काम बंद करण्यात आले.' माझ्याच अक्षरात. कर्मणी प्रयोगात.

वैशाखात माणसं परतली. भट्टीवर हजार विटांमागं दर, नवरा-बायको-पोरं मिळून राबायचं, आठवड्याला खर्चीपुरते पैसे, आणि हिशेब हंगाम संपल्यावर. उचल वजा, खर्ची वजा. कुणाच्या हातात थोडं उरतं, कुणाच्या नावावर पुढच्या वर्षाचं देणं उरतं. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद आहे. लग्नगडी १९४५ ला संपला म्हणतात. लग्नाच्या कर्जाच्या जागी भाद्रपदातली उचल आली, एवढाच फरक कधी कधी दिसतो.

त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईला मी विचारलं, 'आजी, आम्ही काम काढलं तवा तुमी का थांबला नाय?'

ती म्हणाली, 'भाऊ, शेठ पयला देतो. सरकार मागून देतं. पोट तं पयलाच मागतं.'

चर्चासत्रात बसलेल्या विद्वानांनी हे वाक्य लिहून घ्यावं. सरकारच्या आर्थिक भूमिकेवर यापेक्षा नेमकं मी काही वाचलेलं नाही. सावकाराला आणि भट्टीवाल्याला भुकेचं पंचांग पाठ आहे. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी होते, भाद्रपदात माणूस मोडायला येतो, तेव्हा तो पैसे घेऊन दारात उभा राहतो. सरकारचं पंचांग मार्चअखेरचं. निधी मार्चमधे खर्ची पडला पाहिजे, मग माणूस पाड्यावर असो की भट्टीवर.

भुकेच्या पंचांगाशी जुळणारी एक योजना सरकारनं काढली होती. १९७८ पासून आदिवासी विकास महामंडळ पावसाळ्यात खावटी कर्ज द्यायचं, सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून. ती २०१३ च्या सुमारास थांबली. करोनाच्या वर्षात, २०२० साली, ती अनुदान म्हणून पुन्हा जाहीर झाली. कुटुंबाला ४००० रुपये, त्यातले २००० बँकेत आणि २००० च्या वस्तू. मटकी, चवळी, डाळी, साखर, तेल, चहापत्ती. टाळेबंदीत भट्टीवरनं पायी परतलेल्या माणसाला आज खायला पाहिजे होतं. वाटप पुढच्या वर्षावर गेलं. आणि वस्तूच का? कारण लाभार्थ्याच्या हातात रोख पैसा दिला तर तो दारू पिईल, हा पांढरपेशा संशय. मुंबईच्या नोकरदाराला महागाई भत्ता देताना कुणी म्हणतं का, की अर्धा भत्ता मटकीत घ्या?

५

इथं थांबलो तर माझं लिखाण दुसऱ्याच कुणाच्या कामाला येईल. १९९१ पासून एक टोळी टपून बसली आहे. ती म्हणते, बघा, सरकारला काही येत नाही; सरकारनं बाजूला व्हावं, बाजार विकास करील. माझे काही शिकलेले भाऊबंदही हल्ली तसं बोलतात.

त्यांना मी सांगतो, जव्हारमधे बाजार पहिल्यापासून आहे. वीटभट्टी म्हंजे बाजारच. तिथं परवाना-राज नाही, राखीव जागा नाहीत, सरकार फिरकत नाही. मालक मोकळा आणि मजूरही मोकळा, करार दोघांच्या खुशीनं. भाद्रपदातल्या उपाशी माणसाची खुशी!

बाबासाहेबांनी १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीनं घटना समितीसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन लिहिलं, त्यात हेच उलगडून दाखवलं आहे. ज्याला काम नाही त्याला काम देताना मालकानं कुठलीही अट घातली, तर तो आपले मूलभूत हक्क सोडून देईल. उपाशी माणसाच्या स्वातंत्र्याला अर्थ राहत नाही. सरकार मधे नको म्हणणं म्हंजे जमीनदाराला खंड वाढवायला आणि मालकाला तास वाढवायला मोकळीक देणं. म्हणून त्यांनी मोठे उद्योग सरकारचे करा म्हटलं, विमा सरकारचा करा, जमीन सरकारची करून गावातल्या कुटुंबांना जात न बघता सामुदायिक शेतीला द्या म्हटलं. लंडनला आणि न्यूयॉर्कला जाऊन सरकारी तिजोरीचा, प्रांतिक वित्ताचा अभ्यास केलेला माणूस हे लिहीत होता. भाबडेपणानं नव्हे.

पण त्यातली दुसरी अट आपण विसरतो. बाबासाहेब म्हणत होते, हे सगळं घटनेतच लिहा, येणाऱ्या-जाणाऱ्या बहुमताच्या मर्जीवर सोडू नका. त्यांना सरकार पाहिजे होतं, पण मायबाप सरकार नको होतं. मायबाप देतं तेव्हा देतं, नाही देत तेव्हा नाही, वर उपकार. त्यांना कायद्यानं बांधलेलं सरकार पाहिजे होतं, ज्याच्यापुढं माणूस हात पसरत नाही, तारीख टाकून अर्ज देतो. ते कलम घटनेत आलं नाही. मागेल त्याला काम हा कायदा त्या विचाराच्या थोडा जवळ गेला होता. तो आम्ही कचेरीच्या उंबऱ्यावर मारला. ज्याच्या बापजाद्यानं दारात उभं राहून 'जोहार' घातला, त्या माणसानं आदिवासीला सांगितलं, पुढच्या हप्त्यात या. सरकार म्हंजे शेवटी कोण? त्या दिवशी सरकार मी होतो.

६

आता आपल्या साहित्याकडं. समीक्षा घरापासून सुरू व्हायला पाहिजे.

१९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात दलित या शब्दात अनुसूचित जमातीही आल्या, भूमिहीन आले, कष्टकरी आले, बायका आल्या. पण आपल्या अनियतकालिकांत आदिवासी आला कसा? वावर-वांगणीनंतर कुपोषणाच्या कवितांचा पूर आला. मीही एक लिहिली. त्यात सुकलेली आई होती, बरगड्या मोजता येणारं पोर होतं, मधेच अमावास्या होती. टाळ्या मिळाल्या. आज ती कविता काढून वाचली आणि शरम वाटली. तिच्यातला आदिवासी काय करतो? काही नाही. तो मरतो आणि आम्ही त्याला सहानुभूती देतो. सरकारनं त्याला लाभार्थी केलं योजनेचा. आम्ही केलं आमच्या करुणेचा. सदाशिवपेठी कादंबरीतल्या दीनवाण्या महाराला आपण नकार दिला, आणि आपल्या कवितेत तसाच दीनवाणा कातकरी आणून बसवला!

कवितेत उचल किती मिळाली ते नाही. हजार विटांना दर काय ते नाही. मुकादम कुठल्या महिन्यात येतो ते नाही. पैशाचा हिशेब काव्यात्म नाही, असं आपल्याला कुणी शिकवलं? ज्यांना हिशेब द्यायचा नव्हता त्यांनीच.

याच्या उलट गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचा. १९७० चं पुस्तक. त्यात वारली भुकेला आहे, मार खाल्लेला आहे, पण दीनवाणा नाही. तो दर ठरवतो, ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये, आणि तेवढ्यावर अडून बसतो. तो आकडा मला त्या पुस्तकातल्या कुठल्याही वर्णनापेक्षा मोठा वाटतो. मर्यादा आहेच. सांगणाऱ्या बाई संघटनेच्या नेत्या आहेत, वारली त्यांच्या तोंडून बोलतो. पण त्यांनी त्याला कर्ता केला. पुढं भूमिसेना आली, कष्टकरी संघटना आली, मार्च २०१८ ला नाशिकहून मुंबईपर्यंत पायी आलेला मोर्चा वनजमिनीचे पट्टे मागत आला. पायाचे तळवे सोललेली ती माणसं लाभ मागत नव्हती. २००६ च्या वनहक्क कायद्यात जे लिहिलंय ते द्या म्हणत होती. मुंबईनं त्यांना पाणी पाजलं, चपला दिल्या, हे चांगलंच केलं. पाणी तसंही त्यांच्याच डोंगरातलं होतं.

७

मग सरकारची भूमिका काय, असं संपादक विचारतील. माझं उत्तर सरळ आहे. सरकारनं पयलं द्यावं. शेठच्या आधी. भाद्रपदात काम काढावं, आठवड्याला मजुरी हातात द्यावी, आणि जे मागितलं त्याची पोच द्यावी. विकास झाला की नाही हे मोजायला खर्च झालेले कोटी मोजू नयेत. दिवाळीनंतर महिन्यानं पाड्यावर जावं आणि कुलपं मोजावीत. कुलपं कमी झाली तर विकास. नाही तर तो आकडा कुणाच्या तरी बिलाचा आहे.

नोकरीतनं सुटल्यावर मागं एकदा तिकडच्या एका पाड्यावर गेलो होतो. एक पोरगी, दहावी झालेली, पाड्यातल्या बायांना नमुना चार भरून देत होती. काम मागायचा नमुना. आणि ग्रामपंचायतीत जाऊन नमुना पाच घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं बजावत होती. नमुना पाच म्हंजे अर्ज मिळाल्याची पोच, तारखेसकट. एका बाईनं आपली पोच प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कारवीच्या कुडात खोचून ठेवली होती. मी वाचायला मागितली. तिनं आधी माझ्याकडं नीट बघितलं, मग दिली, आणि वाचून होईपर्यंत हात पुढंच धरून उभी राहिली, परत घ्यायला.

चार ओळींचा कागद. वर तिचं नाव. खाली वाक्य होतं की तिनं काम मागितलं आहे. कर्ता होता. क्रियापद त्याचं होतं. लाभार्थी हा शब्द कुठं नव्हता.

तीस वर्षांपूर्वी मी हाच कागद द्यायला नकार दिला होता. मित्रांनो, तुमच्या कविता छापाच. पण त्या पोरीला विचारून तिच्या पाड्यावरचा हिशेबही छापा, किती जणांनी मागितलं, कितव्या दिवशी मिळालं, किती घरांना कुलूप लागलं. पुढच्या अंकात जागा ठेवा.